नेफासितला बाजू बदलायची

अस्मारा सुटलं की ओकबाझगी कॅसेट आत ढकलतो.
पहिली बाजू नेफासितला संपते, धुकंही तिथंच.
मसावापर्यंत ती दोनदा फिरते.
चहावाली विचारते, "आज उशीर?"
"ब्रेक तापले. दीड गाणं थांबलो."
घड्याळ त्यानं कधीच विकलंय.

मी क्लीनर. मला सुरुवातीला ती बाई नाकात गाते असं वाटायचं.
दुसऱ्या कॅसेटी आणून पाहिल्या मी;
सगळ्या घाटातच संपायच्या.

मागच्या बाजूला एके ठिकाणी टेप तुटलेली,
मुलीच्या नेलपॉलिशनं चिकटवलेली.
मुलगी आता स्वीडनला.
तिथं बाई "परत ये" म्हणता म्हणता
एकदम "मीठ" म्हणते.

परवा एका लग्नात तेच गाणं वाजलं, अख्खं.
"परत ये"नंतर चांगली दोन कडवी विनवण्या होत्या.
बायका डोळे पुसत होत्या.
ओकबाझगी ताटावरून उठला,
बाहेर येऊन म्हणाला,
"फारच बोलते रे ही."

आज दुसऱ्या फेरीत
मी खिडकीची काच वर करून कान दिला.
परत ये, मीठ.
खाली मिठागरं दिसायला लागली होती,
ऊन लागून पांढरीफटक.
"पोचलो," तो म्हणाला,
आणि आवाज कमी केला नाही.