एकसष्ट

चुंबक बंद होऊन महिना झाला,
तरी झिनाइदा अर्काद्येव्ना घड्याळ दाराशीच काढून ठेवते,
केसातली पिनसुद्धा.
"सवय," म्हणते, "लोखंडापेक्षा उशिरा थंड होते."

बाहेर उणे एकतीस. ओबचं पाणी बांधामागे
पांढरं, कडक, त्यावर मासे धरणाऱ्यांचे ठिपके.
आत आम्ही सहा जण,
आणि पोलादी जोखडाच्या पोटात डिटेक्टर,
अठ्ठावीस वर्षं जागचा न हललेला.
पाठीतून निघालेल्या तारा चार हजार एकशे बारा.

त्याच्या वजनाची काळजी नाही.
वजनाला रूळ आहेत, जॅक आहेत, वेनियामिनचं गणित आहे.
धास्ती तारांची.

वीस दिवस नुसतं विंचरतोय.
उच्च दाबाच्या लाल वेगळ्या, त्यांच्याशी थट्टा नको.
सिग्नलच्या करड्या, बत्तीस-बत्तीसच्या जुड्यांत.
गॅसच्या नळ्यांना टोप्या.
प्रकाशतंतू सगळ्यांत शेवटी,
कारण ते मोडतात
आणि मोडले हे सांगत नाहीत.

जुन्या जुड्या मेणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या.
सुरगाठ असली तर झिनाइदाची.
निरगाठ असली तर रेनातची.
रेनातला वाटायचं, हे कधी सुटायचंच नाहीये.
"गाढव," ती म्हणते, नखानं उकरत,
आणि सुरी मागत नाही.

लेबलं दवाखान्यातल्या चिकटपट्टीची.
त्या साली दुसरं काही मिळत नव्हतं.
जांभळी शाई वाचता आली तर मी वहीत उतरवते.
नाही आली तर ती आठवते.

सोडवलेली तारही वळण सोडत नाही,
जोखडाच्या कडेचा नेमका कोन धरून लोंबते.
सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात.
इथे तर जळलंही नाही काही.
नुसतं संपलं.

दुपारी दोनला ओढायला घेतलं.
मिनिटाला चार मिलिमीटर.
चार कोपऱ्यांवर चौघं, दर मिनिटाला हाळी:
मोकळं. मोकळं. मोकळं.
खालचा डावा कोपरा माझा,
पाठीवर झोपून, टॉर्च दातांत.
मोकळं.
तेवीस सेंटिमीटर. मोकळं.
चाळीस.
मग एक झोळी
बघता बघता रेघ झाली.
"थांबा!"

बारीक, करडी, बिनलेबलाची.
नकाशात नाही, वहीत नाही.
"काप," वेनियामिन वरून.
"यादीत नाही म्हणजे कचरा."

झिनाइदा कण्हत येऊन माझ्या शेजारी आडवी झाली.
वय एकाहत्तर. तार दोन बोटांत धरली,
कापडाचा पोत बघतात तशी.
"एकसष्ट," म्हणाली.

पडद्यावर तापमानाचे साठ आकडे असत, नावानिशी.
त्यांच्याखाली एकसष्टावा, निनावी,
सगळ्यांपेक्षा दोन अंश चढा.
रात्रपाळीवाले त्याच्यावर पैजा लावत.
एका समितीनं त्याच्यावर सहा पानं लिहिली होती.

तिनं फटीत हात घातला, खांद्यापर्यंत.
हाताला लागली लोकर.
लोकरीत गुंडाळलेला थर्मामीटर,
वर दोरा, वर निरगाठ.
कुणा रात्री चिकटपट्टी संपली असणार
आणि रेनातनं आपला हातमोजा फाडला असणार.
ती हसायला लागली, तशीच आडवी, धुळीत.
अठ्ठावीस वर्षं मोजत होतो
तो हातमोजा.

गाठीला वीस मिनिटं लागली.
वरून कुणी काही बोललं नाही.
वेनियामिनसुद्धा.

मग कंट्रोल रूममधून फोन.
सगळे आकडे कधीच विझलेत, म्हणाले,
एकच चालू आहे, आणि तो चढतोय.
सव्वीस. अठ्ठावीस.
खाली काय करताय तुम्ही?

मी तिच्याकडे पाहिलं.
मूठ मिटलेली,
मुठीतून बाहेर आलेली तार
आता सैल, पुन्हा झोळी.

एकतीस. बत्तीस.

"मोकळं," ती म्हणाली.
कोपरा माझा होता.
मी काही बोलले नाही.