टाकळीला पाणी आलं तेव्हा

उजनीतून सोडलेलं पाणी टाकळीला पोचलं,
आणि अंबय्यानं रात्रपाळीतूनच फोन केला:
काय बे, झोपलास का?
उद्या नदीला होड्या हायत.

होड्या म्हणजे काय, तर गुऱ्हाळाच्या काहिली.
ऊस संपला, चुलाणं थंडावली,
की ही भलीमोठी भांडी नदीवर येतात
बुडाला अजून काळ्या जाळाचा थर,
उन्हात तापली की गुळाचा वास सोडतात.

दोन मोटरसायकली, चौघं जण.
विजापूर रस्त्याचं डांबर चाकाला चिकटत होतं.
मागं बसलेला दस्तगीर
माझ्या पाठीवर बोटांनी ठेका धरत होता:
खटक-खट, खटक-खट.
सव्वीस वर्षं मागावर काढली त्यानं.
आता तेवढंच ऐकू येतं, म्हणतो,
ते पण आतून.

बाभळीखाली चादर अंथरली,
बाद मालातली, एक मोर उलटा विणलेला.
कडक भाकरी, शेंगाची चटणी, फोडलेले कांदे,
आणि श्रीशैलनं मोठ्या हौसेनं आणलेलं कलिंगड,
जे गार व्हायला पाण्यात दगडाशी टेकवलं
आणि शर्यत सुरू व्हायच्या आधीच
कुणाला न सांगता कर्नाटकात निघून गेलं.

कारण नदीच्या मधोमध राज्य बदलतं.
पल्याडनं सुटायचं, अल्याड लागायचं.
सहा काहिली, दोन-दोन माणसं,
वल्हं म्हणून कुणाची फळी, कुणाचं फावडं,
एकाकडं तर क्रिकेटची बॅट.

काहिलीला नाक नसतं.
पुढं कुठलं, मागं कुठलं, तिला ठाऊक नाही.
जास्त जोर लावला की ती गर्रकन फिरते
आणि जोर लावणारा
स्वतःच्याच गावाकडं तोंड करून बसतो.

आम्ही उठून उभे राहिलो.
अंबय्या ओरडत होता, रा! रा!
श्रीशैल, बा! बा!
मी, ये! ये!
नदीला यातलं काय कळलं देव जाणे.
बॅटवाला पहिला आला.
त्याला स्टीलची कळशी मिळाली, हलगी वाजली,
माणसं त्याच्या मागनं बंधाऱ्याकडं गेली.

सहावी काहील अजून पाण्यातच होती.
बाप वल्हवत होता, पोरगी तांब्यानं पाणी उपसत होती
आणि दोघं जागच्या जागी गोल, गोल.
आम्ही कांदा खात होतो.
दस्तगीरनं मात्र पाहिलं.
चपलेसकट गुडघाभर पाण्यात गेला,
रिकामा तेलाचा डबा छातीशी धरून
वाजवायला लागला:
खटक, डावीकडं.
खट, उजवीकडं.

बापानं एकदाच वर बघितलं.
मग फळी डब्याच्या मागनं चालू लागली,
एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला,
आणि ते गोल, आडमुठं भांडं
धोटा सुटावा तसं
त्या काठावरून या काठाला
सरळ आलं.

टाळी कुणी वाजवली नाही. पोरगी उतरली,
तांब्या पालथा केला, म्हणाली,
अप्पा, पुढल्या खेपेला मी वल्हवणार.
हे दस्तगीरला ऐकू गेलं नाही.
तो डब्याचा पोचा अंगठ्यानं सरळ करत होता.

पाचव्या दिवशी पहाटे तीनला नळ आला.
बॅरलशी पाइप धरून उभा होतो,
पेंगत.
हेच ते पाणी, वाटलं,
यातच ते गोल फिरत होते.
हातातली वाटी मी हळूच बॅरलमध्ये सोडली.
जरा तरंगली. जरा फिरली.
आतून बायको म्हणाली, काय वाजवतोयस बे एवढ्या रात्री?
तेव्हा कळलं,
माझी बोटं बॅरलच्या काठावर होती.