झाकण लावलं तरी

शाळेच्या दक्षिणेकडच्या खिडकीत
सुतळीने बांधलेला मोडेम,
कारण कोक-बुलुनमध्ये सिग्नल येतो तो तेवढ्याच जागी,
खालच्या खोऱ्यातून, वळसा घेऊन, दमून.
त्याला जोडलेला दोन बटणं निखळलेला लॅपटॉप,
आणि लॅपटॉपात एक काळी चौकट,
जी उघडी असेल तोवर
बावीस घरांना जग.

चौकट मिटली की मिटलं.

दोन हिवाळे वर लाल शाईने लिहिलेलं होतं,
हात लावू नका.
आणि रात्री समोर बसायचा आशिमकुल,
शाळेचा राखणदार, त्याआधी चाळीस वर्षं मेंढ्यांचा,
डोळ्यांत तेल घालून.
काळ्यावर पांढऱ्या ओळी सरकायच्या.
वाचता यायच्या नाहीत त्याला,
पण कळप हलतोय की थांबलाय
हे लांबूनही कळतं, म्हणायचा.

एकदा एरबोलने, इयत्ता तिसरी,
कोपऱ्यातली फुली दाबली. नुसतं बघायला.
दहा मिनिटांत दारात बर्फाळ बुटांचा ढीग:
बुरुलची नमद्याच्या सपातांची ऑर्डर अर्ध्यात तुटलेली,
कालीपाची मॉस्कोतली मुलगी
तोंड उघडं ठेवून गोठलेली,
नर्सबाईंनी शहरात पाठवलेला एक्स-रे
बरगड्यांपर्यंतच पोचलेला.
सगळे आशिमकुलकडे बघत होते.
लघवीला गेलो होतो, म्हणाला तो.

त्या रात्री घरी मला झोप लागली नाही.

मग फेब्रुवारीत, कोळसा संपत आलेला असताना,
हातमोजे काढून फुंकर मारत, पुन्हा घालत,
मी ते काम चौकटीतून उचललं
आणि पडद्यामागे नेमलं.
फार नाही, सात ओळी:
यंत्र जागं झालं की तूही जागा हो.
आधी मोडेम येऊ दे, मग तू.
पडलास तर पाच सेकंद थांब, ऊठ.
कितीदा, तो आकडा मी लिहिला नाही.
कुणी आत येवो, कुणी निघून जावो,
तू कुणाच्या बसण्यावर अवलंबून राहू नकोस.
झाकण लावलं तरी झोपू नकोस.
माणसाला असं सांगायची
माझी छाती झाली नसती.

एंटर दाबलं. काहीच झालं नाही.
म्हणजे झालं.

काळी चौकट कुठाय, आशिमकुलने विचारलं.
आता लागत नाही, मी म्हटलं. आत चालू आहे.
दिसत नाही ती.
दिसायची गरजच नाही, याला सेवा म्हणतात.
त्याने पियाल्यातला चहा संपवला,
पियाला उपडा ठेवला,
आणि मग हळूच, शेगडीकडे बघत,
म्हणजे मी काय करू?

याचं उत्तर सात ओळींत नव्हतं.

आता दारात बूट साचत नाहीत.
बुरुल बोलते, कालीपा रडते, एक्स-रे पूर्ण पोचतो,
आणि जे सगळं पोचवतं
त्याची आठवण कुणाला येत नाही.
चांगलं चालल्याची खूण हीच, मी शिकले होते.

तरी तो रोज संध्याकाळी येतो.
मिटलेल्या झाकणावर तळवा ठेवतो,
गाभण मेंढीच्या पोटावर ठेवावा तसा.
ऊब लागते.
आहे, म्हणतो, आणि जातो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रात्री वीज गेली.
सकाळी मी नोंदी उघडल्या:
तीन सतरा, बंद.
तीन एक्केचाळीस, सुरू. लगेच पडली.
पाच सेकंद. सुरू. पडली.
पाच सेकंद. सुरू.
त्यानंतर एक शब्द नाही, सकाळपर्यंत.
गावात कुणाला पत्ताही नव्हता.
मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग कोळसा आणायला बाहेर गेले.
ताज्या बर्फात आशिमकुलच्या दारापासून
दक्षिणेच्या खिडकीपर्यंत पावलं,
खिडकीखाली शेजारी शेजारी दोन, इतरांहून खोल,
बराच वेळ कुणी उभं राहिल्यासारखी,
आणि परत जाणारी, सावकाश.

नोंदींमध्ये ती ओळ नाही.
दुपारी ऊन आलं.