रकाना सातवा

जाहिरात मीच उतरवली, सहा प्रती, बोरूने:
"साखर पेठेतील शाळेस मास्तर पाहिजेत.
ट्रेनिंग कॉलेजचा दाखला हवा. भाषा दोन हव्यात.
पगार दरमहा बारा रुपये. देवी काढलेल्या असाव्यात."

दुसरी भाषा कोणती, ते साहेबांनी सांगितलं नाही.
नकाशावर बोट टेकून म्हणाले,
"इथून खाली सगळे एकच बोलतात ना?"
मी मान हलवली.
होकाराची की नकाराची,
हे कचेरीत मानेलाही ठाऊक नसतं.

अर्ज आले अकरा.
एकाच्या दाखल्यावर तेलाचा डाग.
बार्शीचा एक जण दुसरी भाषा म्हणून
संस्कृत लिहून मोकळा झाला.
नेमले ते चनबसय्या हिरेमठ, धारवाडचे.
मराठी शिकलेली, कानडी घरची,
पागोटं नवं, वहाणा उसन्या.

शाळा म्हणजे भाड्याची ओसरी.
एकेचाळीस पोरं मागावाल्यांची,
बोटं कोपरापर्यंत निळी.
मास्तर मराठीत बोलले. पोरं गप्प.
कानडीत बोलले. पोरं हसली.
भिंतीपलीकडचा माग तेवढा
ठक्-ठक् उत्तर देत राहिला.

मी हजेरीपत्रक घेऊन दारात उभा.
ती तिसरी भाषा मला येत होती.
आई मला त्याच भाषेत मारायची,
आणि मारून झाल्यावर त्याच भाषेत जेवायला बोलवायची.
पण नोकरीच्या अर्जात मी
"मातृभाषा: मराठी" लिहून बसलो होतो.

तेवढ्यात मास्तरांनी इरय्या बोल्लीच्या सदऱ्यावरचा
एक धागा चिमटीत उचलला,
उजेडात धरला, स्वतःशीच पुटपुटले, "नूलु."

एकेचाळीस तोंडं उघडली: "नूलु!"
मागच्या रांगेतला एक रडायलाच लागला,
कशाला, कोण जाणे.
मास्तर धावत माठापाशी गेले. "नीरु?"
"नीळ्ळु!" पोरांनी दुरुस्त केलं.
मास्तरांनी खडूने फळ्यावर ते लिहून घेतलं,
आणि खाली, सवयीने, स्वतःलाच
दहापैकी एक गुण दिला.

महिनाअखेर अहवाल माझ्याच अक्षरात गेला:
"मास्तरांस वर्गाची भाषा येत नाही. शिकत आहेत.
सबब दोन रुपये कापावेत."
हुकूम साहेबांचा, शाई माझी.

रकाना सातवा:
"सदर भाषा जाणणारा इसम कचेरीत आहे काय?"
बोरू तिथे सुकेपर्यंत थांबला.
मग पुन्हा दौतीत बुडवून
पट्टी लावून
मी आडवी रेघ ओढली.