बारा पाट्यांची वाट

पाट्या मीच रंगवल्यात.
अक्षराला सव्वा रुपया, बाण फुकट.
मजकूर ऐवळे सरांचा. म्हणाले, सिद्राम,
वाटाड्या ठेवायला समितीकडं पैसा नाही,
पाटीनंच बोललं पाहिजे.

सरांचा भाचा जर्मनीत असतो.
तिकडं एका दरीत कोळशाच्या जुन्या खाणी आहेत म्हणे,
केव्हाच बंद पडलेल्या.
माणसं रविवारी पोरंबाळं घेऊन येतात,
पाट्या वाचत एकेकटी हिंडतात
आणि शेवटी गरम सूप पितात.
आपल्या चुन्याच्या ओढ्यात काय कमी आहे, सर म्हणाले.
सूप सोडून काही नाही, मी म्हणालो.

उद्या उद्घाटन.
आज एकटाच चालून बघतोय
बाण खरं बोलतात का.

आटपाडीचा रस्ता सोडून उतरलं की पहिली पाटी:
"येथून चुना उद्योगास प्रारंभ."
द्य चांगला जमलाय.
आमच्या आज्ज्याची गाढवं म्हणे इथून पुढं हाकावी लागायची नाहीत,
भट्टीचा वास आला की आपसूक पाय उचलायची.
हे पाटीवर नाही.

तिसरीपाशी भट्टी. उभी आहे अजून,
तोंडाशी घाणेरी माजलीय.
आत वाकून बघितलं तर चिरे वितळून
हिरव्या काचेगत झालेले.
खाली बाभळीचा कोळसा, वर चुनखडे, परत कोळसा,
चार दिवस, चार रात्री,
आणि कुणीतरी जागं.
हात लावला. गार.

"दगडी चाक पाहा," पाचवी म्हणते.
चाक नाही.
ते कारखान्याच्या एका संचालकानं नेलं,
फार्म हाऊसवर आडवं टाकून त्याचं टेबल केलंय.
राहिलाय नुसता घाणीचा गोल चर
आणि चराबाहेर रेड्याच्या खुरांनी घोटलेली वाट.
या अख्ख्या ओढ्यात तेवढीच एक वाट
कुठंच जात नव्हती.
मी एक फेरी मारली.
बाण कुठल्या बाजूला काढायचा होता,
रंगवतानाही कळलं नव्हतं.

सातवी वाऱ्यानं पडलीय. उचलून दगड लावले.

आठवी मोठी. "कामगारांचे जीवन."
तिथं केराबाईची शेरडं पाटीच्या सावलीला बसलेली,
आणि केराबाई चुन्याची डबी उघडून
नखानं पानाला चुना लावत.
काय लिवलंस रं?
वाचून दाखवलं: भल्या पहाटे उठत, चुनखडे वेचत,
जीवन कष्टमय पण समाधानी.
कोण?
कोण म्हणजे?
समाधानी कोण व्हतं, नाव सांग की.

मला नामाआप्पाच आठवला.
कळी भिजवताना उसळली, उजव्या डोळ्यात गेली.
पाणी नको, तेल घाला, तेल घाला,
सगळा ओढा वरडत होता,
आणि घरात तेल नव्हतं.
पुढं तो उरलेल्या एका डोळ्यानं
चाळणीतला चुना बघायचा,
एक खडा सुटायचा नाही त्याच्याकडनं.
सिमेंटची पहिली पोती गावात आली
तेव्हा त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकलं होतं.
म्हणाला, ह्याला चव नाय.

त्येचं नाव हाय का? केराबाईनं विचारलं.
नाही.
माझ्या सासूचं?
अक्षराला सव्वा रुपया पडतो, केराक्का.
ती हसली. लाल पिंक टाकली
पाटीपासून हातभर लांब, मान राखून.
शेरडं घेऊन गेली.

मग मी पिशवीतनं टर्पेंटाइनचं फडकं काढलं.
पण समाधानी.
सहा अक्षरं. साडेसात रुपये.
धा निघता निघेना, तो मी मन लावून काढला होता.

आता पाटीवर आहे: जीवन कष्टमय
आणि पुढं ओला, पिवळट डाग,
बोट ठेवलं तर चिकटेल असा.

उद्या सर विचारतील.
पावसानं गेलं, म्हणेन.
आटपाडीत. फेब्रुवारीत.

अंधार पडत आला.
बारावीपर्यंत जायचं राहूनच गेलं.