पाच नंबरची चावी

लोखंडी कपाटातली खालची फळी तुमची,
कुमुदिनी म्हणाली, आणि दारामागचा एक खिळा.
बाकी घर माझं.
हे नऊ वर्षांपूर्वी, सायकल आली त्या संध्याकाळी.
हँडलला तिने हळदकुंकू लावलं होतं,
टेप दोनदा बदलली, तरी कडेला अजून पिवळं दिसतं.

फळीवर पंप, दोन ट्यूब,
श्रीखंडाच्या डब्यात पंक्चरचं सामान,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत चेनचं तेल,
आणि ॲलन चाव्या, दोन नंबरपासून आठपर्यंत,
चढत्या क्रमाने.

प्रेसमध्ये दिवसभर मोजतो मी.
आत गेला तितका कागद बाहेर यायला हवा.
एकदा एक ताव कमी भरला
तर अख्खा सेक्शन रात्री आठपर्यंत बसून होता,
डबे पुन्हा उघडून, एकमेकांकडे न बघता.
घरी मात्र पाच नंबरची चावी नसते.
शनिवारी रात्री साडेदहाला,
उद्याचे कपडे खुर्चीवर, मोजे बुटात,
खिशात राजगिऱ्याचे दोन लाडू,
सगळं अंधारात हाताला लागेल असं.
आणि फळीवर चारानंतर थेट सहा.

कुणी घेतली, असं विचारत नाही आता.
विचारलं की घरातल्या प्रत्येकाला
आपापली हरवलेली वस्तू आठवते.
शलाकाला चार्जर.
कुमुदिनीला शिवणाची कात्री,
जिने मी एकदा ब्रेकची केबल कापली होती.
कात्री बोथट झाली. विषय नाही.

तसा मीही फळीवर राहिलो नाही.
आधी शेजारच्या फळीत शिरलो,
मग पलंगाखाली द्राक्षांचा रिकामा क्रेट,
निफाडच्या साडूकडून आणलेला,
मग बाथरूममध्ये चेन घासायचा ब्रश,
ज्याने एकदा एका पाहुण्याने...
ते राहू दे.
तिकडून हँडलवर ओले टॉवेल आले,
खिळ्यावर पिशव्यांची पिशवी.

गेल्या जानेवारीतला एक रविवार.
पावणेपाचला, दिवा न लावता,
हेल्मेट घातलं, पट्टा लावला, निघालो.
जेल रोड सामसूम. द्वारकेला पहिल्या चहाची वाफ,
तिथे बागूल भेटले, कान मफलरीत.
सातपूर मागे पडलं आणि बोटं लाकडाची झाली.
बेळगाव ढग्यापाशी डोक्यात काहीतरी खसखसलं.
वाटलं, पाला असेल.
चढाला पुन्हा खसखसलं.
अंजनेरीच्या फाट्यावर थांबून हेल्मेट काढलं,
तर लसणाची सालं,
आणि कपाळाच्या पॅडमागे एक अख्खी पाकळी.
बागूल म्हणाले, फोडणी इथेच द्यायची की त्र्यंबकला?

डोंगर अजून निळा होता.
सालं डांबरावरून सरकत गेली, पांढरी, बिनवजनाची.
मी उगीचच मोजली. सात.

साडेनऊला घरी आलो, बोलायचंच असं ठरवून.
दारामागे हवा चांगली लागते, ती म्हणाली,
लसूण सादळत नाही, आणि तुझ्या त्या टोपलीला
भोकंही आहेत.
अरे-तुरे करते तेव्हा ती कामात असते.
शिलाई मशीनच्या स्टँडखाली वाकली होती,
बोल्ट आवळत,
सफाईने, हात न बघता.
हातात पाच नंबर.

ही फार गुणाची आहे, मान वर न करता म्हणाली,
मशीनला बसते, शलाकाच्या खुर्चीला बसते.
म्हणून माझ्याच ड्रॉवरमध्ये असते.
असते.
नऊ वर्षं ते क्रियापद
मला कुणी ऐकवलं नव्हतं, किंवा मीच.

मी खिशातली पाकळी ओट्यावर ठेवली.
तिने उठून सोलली, ठेचली,
डाळीच्या फोडणीत टाकली.
पस्तीस किलोमीटर जाऊन,
पस्तीस परत येऊन.

हल्ली फळीवर चार आणि सहाच्या मध्ये
बोटभर जागा सोडून ठेवतो.
शनिवारी रात्री तिचं ड्रॉवर हळूच ओढतो,
रिळं, बटणं, मापाची टेप बाजूला सारतो,
सीट आवळतो,
आणि परत तिथेच ठेवतो,
निळ्या रिळाच्या उजवीकडे.