तिसरा भाग

वीज गेली की म्हणतात, लांताना, वाच.
वीज रोजच जाते.
कानो शहरात, जुन्या तटाच्या आत,
बिंतूच्या अंगणात, कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत
सात बायका, तीन तान्ही पोरं,
एक अर्धवट विणलेली वेणी
आणि मी,
जिला सहावीपर्यंत शिकवलं
आणि सातवीत उजवलं.

पुस्तक ऐंशी पानी, मध्ये दोन पिना ठोकलेलं.
मुखपृष्ठावरची मुलगी
मोबाईल कानाला लावून रडते आहे.
मागे गोरखचिंचेच्या ढोलीतून
निळ्या डोळ्यांचं कुणीतरी बघतं आहे.
आतल्या गोष्टीत मोबाईल नाहीच.
"छापणाऱ्याकडे तेवढाच फोटो उरला असेल,"
बिंतू म्हणाली, आणि विषय मिटला.

तर त्या झाडातल्या जिन्नाचं
एका रंगाऱ्याच्या मुलीवर मन बसलं.
ती निळीच्या खड्ड्यात कापड बुडवते,
कोपरापर्यंत निळी होऊन घरी जाते.
तो तिला दिसत नाही.
फक्त तिनं वाळत घातलेलं कापड
वारा नसताना हलतं.
"माझा नवरा तर वादळातही हलत नाही,"
झुवैरा म्हणाली, आणि पुढचं पान
हसण्यात वाहून गेलं,
मला पुन्हा वाचावं लागलं.

दुसरा भाग झुवैराच्या दिरानं आणला बाजारातून.
असल्या पुस्तकांनी बायका बिघडतात, म्हणाला.
रात्रभर ठेवून घेतला, सकाळी दिला.
पान पन्नासवर त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा आहे,
नेमका तिथे,
जिथे ती पहिल्यांदा झाडाला हात लावते.

देलू म्हातारी मध्ये कधी बोलत नाही.
कोला विकून चार पोरं वाढवली तिनं.
अक्षराशी ओळख नाही,
पण गोणीत हात घातला की सांगते
किती आहेत, आणि किती किडकी.
ती भिंतीला टेकून, डोळे मिटून बसते.
आम्हाला वाटतं, झोपते.

काल दुसरा भाग संपला.
बापानं पोर धान्याच्या व्यापाऱ्याला देऊन टाकलेली,
जिन्न झाडाबाहेर पाय टाकतो,
आणि खाली ठळक अक्षरात:
पुढील भाग लवकरच.
मग एक फोन नंबर.
मग केस वाढवणाऱ्या तेलाची जाहिरात.

मी मान वर केली.
झुवैराचा मेंदीचा हात हवेत थांबलेला.
वेणी घालणारी केस धरून तशीच.
एक पोर दूध प्यायचं विसरलेलं.

मी पुन्हा मान खाली घातली
आणि तेलाच्या बाटलीवरून वाचत गेले.
वाचलं, की झाड बोलायला लागलं.
वाचलं, की व्यापाऱ्याच्या गोण्यांतून
नुसती निळी माती निघाली.
वाचलं, की जिन्न तिच्यासमोर उभा राहिला,
पहिल्यांदाच दिसला, आणि थोडा बुटकाच होता,
आणि त्यानं विचारलं,
"तुला काय हवं?"

इथे माझा आवाज अडला.
अंगणात चिटपाखरू हलेना.
प्रश्न माझ्याच तोंडून निघाला होता
आणि मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात वीज आली.
शेजारच्या शिंप्याचं मशीन घरघरलं,
कुणाला इस्त्री आठवली, कुणाला फोनचं चार्जिंग,
चटईवर मेंदीचे थेंब आणि शेंगांची टरफलं उरली.

देलू उठली नाही.
"पान उलटलं नाहीस," म्हणाली.
"कधीपासून?" मी विचारलं, उगाच.
"झाड बोलायला लागलं तेव्हापासून."

कमरेची गाठ सोडून
तिनं एक कोला माझ्या तळहातावर ठेवला,
चाचपून, चांगला निवडून.
"उद्या मधूनमधून उलटत जा.
बाकीच्यांनाही कान आहेत.
आणि त्या पोरीनं काय मागितलं
ते रात्रीतून बघून ठेव."